पदरात गुंडाळलेलं बोट

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी इथं मोकळेपणानं लिहू शकते. तोंडावर कौतुक केलं तर त्या म्हणतात, "काऊन वं, उसनं काई पायजे का?" आणि मला तर कुणाच्याही तोंडावर चार शब्द बोलायचे म्हटलं की जीभ वळत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. आमचं गाव मराठी, पण आदिलाबादकडचं; गावच्या मराठी शाळेत त्यापुढं वर्ग नव्हता आणि पुढची शाळा लांब, तीही तेलुगूची. पण गुरुजींनी अक्षर चांगलं घोटून घेतलं होतं, ते अजून हातात आहे. दुपारी भांडी झाली की मी वहीत काहीबाही लिहीत बसते. जाऊबाई विचारतात, "काय लिवून राह्यली?" मी म्हणते, "काई नाई, किराण्याची यादी." त्या म्हणतात, "लय किराणा लागते तुले."

आमच्या घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, सासूबाई आणि पोरं. शेत नदीच्या बाजूला, कापूस आणि ज्वारी. बायकांचे कागद आमच्याकडे पुरुषांजवळ असायचे. आधार कार्ड, पासबुक, सगळं थोरल्या दिरांच्या पत्र्याच्या पेटीत. त्यात काही वाईट हेतू नव्हता. पावसाळ्यात भिजू नयेत, उंदरानं कुरतडू नयेत, एवढंच. पण कधी आपल्या मजुरीचे पैसे काढायचे असले तर पेटी उघडा म्हणावं लागे, आणि पेटी उघडणारा माणूस कशाला म्हणून विचारी. मग ते कशाला सांगत बसण्यापेक्षा नकोच, असं मला वाटे.

जाऊबाईंना तसं वाटत नसे. रोजगार हमीच्या कामाचे पैसे खात्यात पडायला लागले तेव्हा एक दिवस त्या ओसरीत उभ्या राहिल्या आणि थोरल्या दिरांना म्हणाल्या, "बोट माह्या हाताले, आन कार्ड तुमच्या पेटीत. मंग मशीनवर मी अर्धीच जाऊ का?" दीर हसले. हसतच त्यांनी कार्ड आणि पासबुक काढून दिलं. जाऊबाई हात मागं घेईनात. म्हणाल्या, "धाकटीचं बी द्या."

धाकटी म्हणजे मी. मी दाराआड होते.

नवऱ्याला मी मालक म्हणते. मालक तेव्हा तिथंच बैलांचा दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "घ्या. पण एक जरी घोळ झाला तं दोघींचे बी कार्डं पेटीत जातीन. मंग पुन्हा मांगायचे नाई."

"नाई मांगत," जाऊबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मी दाराआडून आणखी मागं सरकले. कारण घोळ झालाच तर तो कुणाच्या हातून होईल हे मला ठाऊक होतं.

कार्ड हातात आल्यावर काय काय बदललं ते लिहून सांगता येण्यासारखं नाही. आता आमच्याकडे बायकांना बसमध्ये शून्याचं तिकीट मिळतं, पण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं. कार्ड जवळ असलं की आदिलाबादला जाऊन यायला कुणाकडे पैसेही मागावे लागत नाहीत आणि कार्डही नाही. माझी आई आजारी पडली तेव्हा मी सकाळी ठरवलं आणि सकाळीच निघाले. असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

आमच्या गावात बँक नाही. बसथांब्याजवळ एक दुकान आहे, तिथं एक माणूस बोटाची मशीन घेऊन बसतो. बाहेरून आलेला, तेलुगू बोलतो, आमच्याशी हिंदी. आधारचा नंबर सांगायचा, मशीनच्या काचेवर बोट ठेवायचं, खात्यातले पैसे तो हातावर देतो. चांगली सोय आहे. पण कापूस वेचणाऱ्या बाईचं बोट कसं असतं हे ज्यानं पाहिलंय त्याला कळेल. बोंडाच्या टोकांनी टोचून टोचून कातडी फाटते, निंदणाच्या मातीनं रेघा बुजतात. मशीनला आमची बोटं खरोखरच ओळखू येत नाहीत. मग तो म्हणतो, "मळ्ळी पेट्टु, अम्मा." पुन्हा ठेव. आम्ही बोट लुगड्याला पुसतो, तोंडाची वाफ देतो, पुन्हा ठेवतो. आणि दरवेळी आम्हालाच लाज वाटते, जणू परीक्षेत बोट नापास झालं.

तेलुगू आम्हा बायकांना बाजारापुरती समजते. बोलता येते ती एकाच शब्दाची, सरे. म्हणजे बरं, ठीक. दवाखान्यात सरे, रेशनच्या दुकानात सरे, शाळेत मास्तरनं मुलीबद्दल काय सांगितलं ते अर्धं कळलं नाही तरी सरे. कळलं नाही असं म्हणायची लाज वाटते, म्हणून सरे. आमच्या मराठी गावांतल्या किती बायकांनी या एका शब्दानं काय काय कबूल केलं असेल, देवालाच माहीत. शेजारच्या गल्लीतल्या एकीच्या खात्यातून दरवर्षी विम्याचे पैसे कापले जात होते. तिला विचारलं, विमा काढला कधी? ती म्हणाली, "मी कुठं काढला? तो सायेब काईतरी बोलला, मी सरे म्हटलं."

जाऊबाईंनी तेलुगूतला वेगळाच शब्द शिकून ठेवला आहे. आगु. थांब. कुणी काउंटरमागून भरभर बोलायला लागला की त्या हात वर करून म्हणतात, "आगु, अय्या." मग मराठीत, "आता हळू सांग. मी म्हातारी नाई, पन बहिरी समज." समोरचा कितीही घाईत असो, थांबतो. मी त्यांच्यामागं उभी राहून हे कितीदा पाहिलं आहे, आणि दरवेळी वाटलं आहे की याच्याइतकं अवघड दुसरं काही नसेल.

मशीनवर जायची त्यांची एक रीत आहे. दुकानाच्या पायरीशी पोचल्या की त्या उजव्या हाताचं पहिलं बोट पदराच्या टोकात गुंडाळतात, कापलं असल्यासारखं. मशीनवाला म्हणतो, बोट ठेवा. त्या म्हणतात, "आधी तिचं तोंड इकडं कर." मशीनचं तोंड आमच्याकडे वळतं. मग मला म्हणतात, "धाकटे, काय लिवलं हाये?" मी हळू आवाजात आकडा वाचते. इंग्रजी आकडे मला येतात. आकडा बरोबर असला की त्या बोट सोडतात, काचेवर ठेवतात आणि उचलल्या उचलल्या पुन्हा गुंडाळतात. पावती हातात पडेपर्यंत ते बोट उघडं होत नाही. पहिल्यांदा मशीनवाला हसला होता. "अम्मा, उंगली चोरी होती क्या?" जाऊबाई म्हणाल्या, "उघडी राह्यली तं होते."

ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणीला गेलं तरी त्यांचं असंच. आपलं गठोडं काट्यावर ठेवायच्या आधी त्या शेतमालकाला रिकामा काटा दाखवायला लावतात. तो रागावला तर म्हणतात, "राग कापसाले येऊ द्या, काट्याले काऊन येते?" हसत हसतच म्हणतात. माझ्या तोंडून तेच निघालं असतं तर भांडण झालं असतं.

मशीनवाला दर खेपेला दहा रुपये घ्यायचा. सगळे देत होते. जाऊबाईंनीही दोन वेळा दिले. त्यानंतर त्या आदिलाबादच्या बँकेत दुसऱ्या कामाला गेल्या होत्या, तिथं काउंटरवरच्या बाईला त्यांनी विचारलं, "गावात बोट लावायचे दहा रुपये कोन घेते? तुमी का तो?" त्या बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकानं काही द्यायचं नसतं, त्याला त्याचं कमिशन मिळतं. पुढच्या खेपेला दहा मागितल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कायचे?"

"नेटवर्क का चार्ज, अम्मा."

"नेटवर्क तं हवेत असते म्हनते. हवा कधीपासून इकून राह्यला?"

रांगेतल्या म्हाताऱ्या हसल्या. त्यानं त्यांच्याकडून घेणं सोडलं. बाकीच्यांकडून घेत राहिला, माझ्याकडूनही. मी एकटी गेले की देऊन टाकायची.

अशा फुकट कापल्या जाणाऱ्या पैशांचा जाऊबाईंना फार राग. मालकांच्या फोनवर मध्यंतरी कुणी लावलं की घंटीऐवजी एक तेलुगू गाणं वाजायचं. मालकांना वाटलं कंपनीनं आपल्याला मान दिला. पाहुण्यांना सांगायचे, मला लावून पाहा. जाऊबाईंनी रिचार्जवाल्या पोराकडून शोध लावला की त्या गाण्याचे दर महिन्याला पैसे कटतात. मग घरभर सांगत सुटल्या, "भावजींच्या फोनात एक गवई बसला हाये. आपल्याले खरकटं नाई पुरत, आन त्याले पगार." मालकांनी गाणं बंद करवलं, पण आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मालक मनानं वाईट नाहीत. त्यांना फसणं चालतं, फसलो हे दुसऱ्याला कळणं चालत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं, पण पुरतं कळलं नंतर.

घोळ झाला तो या वेचणीच्या दिवसांत. जाऊबाईंची बहीण उटनूरकडे दिलेली आहे. तिच्या लेकीचं बाळंतपण म्हणून त्या आठ दिवस तिकडे गेल्या होत्या. सासूबाईंच्या गोळ्या संपल्या. पैसे माझ्या खात्यात होते, दोन हंगामांच्या मजुरीतले साठवलेले. मी कार्ड घेऊन दुकानात गेले.

पायरीशी मी बोट गुंडाळलंसुद्धा. पण आत चार-पाच पुरुष उभे होते. त्यांच्यासमोर मशीनचं तोंड इकडं करा म्हणायला जीभ उठली नाही. बोट कधी सोडलं ते मलाच कळलं नाही. मी ठेवलं. मशीन वाजली. तो म्हणाला, "सर्वर लेदु, अम्मा. मळ्ळी पेट्टु."

मी म्हटलं, "सरे." लेदु म्हणजे नाही एवढं कळतं, झालं नसेल म्हणून बोट पुसलं, वाफ दिली, पुन्हा ठेवलं. मशीन पुन्हा वाजली. त्यानं पैसे मोजून दिले. मी पावतीसाठी उभी राहिले, तर म्हणाला कागद संपला. मी म्हटलं, "सरे." वर दहा रुपये देऊन आले.

जाऊबाई परत आल्या त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून इकडचं तिकडचं विचारत होत्या. मी सांगितलं की गोळ्या आणल्या, पैसे काढले.

"पावती दाखव."

"कागद संपला होता म्हने."

त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "किती खेपा बोट लावलं?"

"दोन. पह्यल्या खेपेले झालं नाई."

"पह्यल्या खेपेले मशीन कशी वाजली?"

मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी समजावलं. बोट जुळलं आणि पैसे निघाले की मशीन एक लांब सूर काढते. नाही जुळलं तर दोनदा तुटक वाजते, चिमणीसारखी. मी इतक्या वेळा तिथं उभी राहिले, आकडे वाचले, पण आवाज कधी ऐकलाच नव्हता. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांनी मशीनचा आवाज पाठ करून ठेवला होता. मी डोळे मिटून आठवायला लागले. 

"लांब," मी म्हटलं. "दोनी खेपा लांब."

त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. बाहेर ओसरीत मालकांचा आवाज येत होता, ते थोरल्या दिरांशी कापसाच्या भावाचं बोलत होते. मी हळूच म्हटलं, "बाई, कार्डं."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "आधी पासबुकात पाहू. मंग रडू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आदिलाबादला गेलो. घरी सांगितलं सासूबाईंच्या चष्म्याचं विचारून येतो, आणि ते खोटं होऊ नये म्हणून जाऊबाईंनी खरोखरच चष्म्याच्या दुकानात जाऊन विचारलं. बँकेत पासबुक छापून घेतलं. मी भिंतीशी उभी राहून वाचलं. एकाच तारखेला, एका खाली एक, तेवढीच रक्कम दोनदा. अक्षरं इतकी स्वच्छ होती की मला उलट त्यांचाच राग आला.

काउंटरवरची बाई तीच होती, जिनं दहा रुपयांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, तक्रारीचा अर्ज द्या, चौकशी होईल, काही दिवस लागतील. अर्ज नोंदला की खात्याला जोडलेल्या फोनवर मेसेज जाईल, मग फोनही येईल. खात्याला मालकांचा फोन जोडलेला होता. पैसे कटल्याचे इंग्रजी मेसेज ते कधी उघडत नसत, पण बँकेचा फोन त्यांनी उचललाच असता.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्याच ठरवतील. त्यांनी विचारलं, "तुह्या जिवाले काय वाटते?"

मी मान हलवली. अर्ज नको. त्या मला भित्री म्हणाल्या नाहीत. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "बरं. मंग आधी त्यालेच इचारू. अर्ज कुठं पळून राह्यला?"

त्यांनी जायचा दिवस निवडला तो म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा. त्या दिवशी दुकानापुढं सकाळपासून रांग असते. आम्ही रांग सोडून पुढं गेलो नाही. रांगेतच उभ्या राहिलो, आणि आमची पाळी आल्यावर जाऊबाई त्याला म्हणाल्या, "भैया, माही जाऊ तुमच्यापाशी काई इसरून गेल्ती."

"क्या भूल गए?"

"एका खेपेचे पैसे."

त्यांनी पासबुक उघडून समोर ठेवलं आणि त्या दोन ओळींवर गुंडाळलेलं बोट ठेवलं. चोर म्हणाल्या नाहीत. आवाज चढवला नाही. मी त्यांच्यामागं होते, मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. म्हणजे त्यांनाही भीती वाटत होती. हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं.

त्यानं पासबुक पाहिलं. "वो सर्वर का मिस्टेक है, अम्मा. सात दिन में अपने आप आ जाता."

"येते ना?"

"आ जाता."

"बरं. मंग सात दिवस आमी इथंच बसतो." आणि त्या खरोखर पायरीवर बसल्या. माझा हात ओढून मलाही बसवलं. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "बायांनो, सर्वरचा मिस्टेक हाये म्हने. आज दोन खेपा पैसे कटून राह्यले. आपापले बोटं सांभाळा."

 मग पुढच्या म्हातारीनं पदराचं टोक शोधलं आणि बोट गुंडाळलं. तिच्यामागचीनं गुंडाळलं. एकेक करत सगळ्या रांगेनं. सतरा-अठरा म्हाताऱ्या, सगळ्यांची उजवी बोटं पदरात. दोन म्हातारबाबा होते, त्यांनी धोतराच्या सोग्यात घातली. मशीनवाला म्हणाला, "चलो अम्मा, जल्दी, उंगली रखो." ती पुढची म्हातारी म्हणाली, "माह्या बोटाचा आज उपास हाये, बापू." मागून कुणी म्हणालं, "माह्या बोटाले तं थंडी वाजून राह्यली." हशा झाला. पण बोट कुणी सोडलं नाही.

त्याचं कमिशन बोटांवर होतं. बोटं बंद म्हणजे दुकान बंद. अर्धा तास तो फोनवर कुणाशी तरी बोलल्यासारखं करत राहिला. मग त्यानं गल्ल्यातून पैसे काढले, मोजले आणि पायरीवर जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवले. "ये मैं अपने जेब से दे रहा हूँ."

"जेबीतच तं गेल्ते," जाऊबाई म्हणाल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मला घ्यायला लावले, मोजायला लावले, आणि मग उठल्या.

आम्ही निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, माझ्याकडे बघून, "तुम्हारे आदमी कू बोलूँ क्या? आप लोगाँ कू सँभालना नहीं आता."

त्यानं नेमकं दुखणं ओळखलं होतं. मालक त्याच्याकडे रोज चहा प्यायला थांबत. जाऊबाईंकडे याला उत्तर असणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पायरीवरून खाली उतरून चप्पल घालत होत्या. मुद्दाम सावकाश घालत होत्या, हे मला आता कळतं.

"तुमी नका सांगू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मीच सांगते."

घरी येताना मी रडवेली झाले होते. म्हटलं, "बाई, माह्या पायी तुमचं बी कार्ड जाईन. नाई सांगतलं तं?"

"नाई सांगतलं तं त्याच्या हाती आपली दोरी," त्या म्हणाल्या. "आज तो गप बसला. उद्या पुन्हा दहा मांगीन, परवा वीस, आन तू देत राहशील. दे मंग. सस्त्यात पडन का?"

"तुमी सांगा ना."

"मी काऊन सांगू? बोट तुह्यं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वेचणीला शेतात होतो. थोरले दीर बाजाराला गेले होते. दुपारी मोहाच्या झाडाखाली जेवायला बसलो. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. मी वाढलं, आणि मालकांनी दुसरा घास घ्यायच्या आत सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघून. दोन खेपा बोट लावलं, कागद संपला म्हणाला, बँक, पायरी, पैसे परत आले ते. मध्ये थांबले असते तर पुढचं तोंडातून निघालंच नसतं, म्हणून कुठं श्वासच घेतला नाही.

मालकांचा घास हातात राहिला होता. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी म्हटलं होतं, कार्डं पेटीत जातीन."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग ताटातच हात धुतला आणि उठून खोपीकडे गेले. खोपी म्हणजे आमची शेतातली राखणीची झोपडी. मला वाटलं झालं, ते आता घरी निघतील आणि पेटी उघडून ठेवतील. जाऊबाई कांदा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मालकांनी खोपीच्या छपरात हात घातला आणि गवतातून एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. परत येऊन माझ्यासमोर बसले आणि पिशवीतून स्वतःचं पासबुक काढून माझ्या हातात दिलं.

"वाच."

शेवटचं पान आधीच दुमडून ठेवलं होतं. मागच्या महिन्यातली तारीख. एका खाली एक, तीच रक्कम दोनदा. माझ्या रकमेच्या कितीतरी पट मोठी. पहिल्या वेचणीचा कापूस विकला त्याचे पैसे होते ते. मी हळूहळू वाचलं, एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा जाऊबाईंसाठी.

मालक वावराकडे बघत होते. "मले बी कागद संपला म्हटलं होतं त्यानं," ते म्हणाले.

महिनाभर हा माणूस रोज त्याच दुकानात चहा पीत होता. पासबुक छपरात लपवून ठेवत होता, आणि मशीनवाला त्यांच्याशी हसून बोलत होता. मला त्यांची इतकी कीव आली की आपल्या कार्डाचं काय होणार हे मी विसरूनच गेले.

मग मी जाऊबाईंकडे पाहिलं. फोनातल्या गवयावरून आठ दिवस घर हसवणारी बाई, आता काय म्हणणार? त्यांच्या हातात केवढी मोठी संधी होती. एक वाक्य टाकलं असतं तर ते मालकांना जन्मभर पुरलं असतं, आणि ते पोरं, पाहुणे, सोयरे सगळ्यांपर्यंत गेलं असतं. त्यांच्या ओठावर आलंही असेल. मी त्यांना ओळखते.

त्यांनी फोडलेल्या कांद्याचा मोठा भाग मालकांच्या ताटाशेजारी ठेवला. टोपल्यातली एक भाकरी काढली आणि दुसऱ्या स्वच्छ ताटात वाढली.

"उद्याच्या सकाळच्या गाडीनं जाऊ, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचे लय हायेत, ते पायरीवर बसून नाई निघणार. अर्जच द्यावा लागते. मराठीतला बी घेते म्हने, मी त्या बाईले इचारून ठेवलं हाये. धाकटी लिवते."

मालकांनी मान हलवली. थोड्या वेळानं, वर न बघता, म्हणाले, "कार्डं राहू द्या तुमच्यापाशीच."

 जाऊबाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. मालक खायला लागले, भराभर, सकाळपासून उपाशी असल्यासारखे. जाऊबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पानी दे त्यायले. ठसका लागन."